कुआरोन, देल तोरो, इन्यारितू आणि त्यांचे सहकारी : मेक्सिकोच्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्फोन्सो कुआरोन, गिलेर्मो देल तोरो आणि आलेहान्द्रो गोन्सालेस इन्यारितू यांची नावे नेहमी एकत्र का घेतली जातात?

पहिले कारण पुरस्कारांचे आहे. २०१४ ते २०१९ या काळातील सहा ऑस्कर सोहळ्यांपैकी पाच सोहळ्यांत उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार या तिघांपैकीच कोणाला तरी मिळाला. २०१४ मध्ये ‘ग्रॅव्हिटी’साठी कुआरोन, २०१५ आणि २०१६ मध्ये अनुक्रमे ‘बर्डमॅन’ व ‘द रेव्हेनंट’साठी इन्यारितू, २०१८ मध्ये ‘द शेप ऑफ वॉटर’साठी देल तोरो आणि २०१९ मध्ये ‘रोमा’साठी पुन्हा कुआरोन. मधल्या २०१७ या एकाच वर्षी तो पुरस्कार अमेरिकेच्या डेमियन शझेल यांच्याकडे गेला.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, पण त्याची चर्चा कमी होते. तिघेही १९६१ ते १९६४ या चार वर्षांत जन्मले, मेक्सिकोतच शिकले आणि घडले, आणि प्रसिद्धीच्या बऱ्याच आधीपासून एकमेकांच्या पटकथा व कच्ची संकलने वाचत, पाहत, त्यांवर भांडत आले. त्यांची कारकीर्द तीन स्वतंत्र माणसांच्या भाग्योदयाच्या कथा म्हणून सांगितली, तर निम्मी हकिगत सुटते. ‘मेक्सिको सोडून हॉलीवूड जिंकले’ हे वर्णनही अपुरे आहे, कारण तिघेही पुन्हा पुन्हा परत स्पॅनिश भाषेकडे आले आणि त्यांची सर्वांत निर्णायक कामे बहुधा अशाच परतीच्या वेळी झाली.

त्यांची सुरुवात कशी झाली? तिघेही चित्रपटसंस्थेत शिकलेले होते का?

नाही. मोठ्या चित्रपटसंस्थेतले औपचारिक शिक्षण कुआरोन यांनी घेतले आणि तेही अर्धेच. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या चित्रपट केंद्रात ते शिकत होते. तेथून पदवी न घेताच बाहेर पडले. पुढे तीन ऑस्कर मिळवणारे छायालेखक एमानुएल लुबेझ्की हे त्यांचे तेथलेच सोबती. बाहेर पडल्यावर कुआरोन यांनी मेक्सिकोत चित्रीकरणासाठी येणाऱ्या परदेशी चित्रपटांत सहायक दिग्दर्शकाचे काम केले आणि दूरचित्रवाणीवर ‘ओरा मार्काडा’ या भयकथा मालिकेचे भाग दिग्दर्शित केले. दर भागाला नवी कथा, हाताशी थोडे पैसे आणि थोडे दिवस, अशी ती मालिका होती. देल तोरो यांची आणि त्यांची ओळख तेथेच झाली.

देल तोरो हे ग्वादालाहारा शहराचे. ‘द एक्सॉर्सिस्ट’चे रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्याकडून त्यांनी विशेष रंगभूषेचे शिक्षण घेतले आणि ‘नेक्रोपिया’ नावाची स्वतःची रंगभूषा कंपनी काढून सुमारे दहा वर्षे इतरांच्या चित्रपटांसाठी जखमा, मुखवटे आणि प्राणी बनवले. त्यांच्या चित्रपटांतील राक्षस संगणकावर जन्मल्यासारखे न वाटता हाताने घडवल्यासारखे का वाटतात, याचे उत्तर या दहा वर्षांत आहे.

इन्यारितू यांचा मार्ग सर्वांत आडवळणाचा. तरुणपणी त्यांनी मालवाहू जहाजावर काम करून समुद्रप्रवास केला, १९८४ पासून मेक्सिको सिटीतील डब्ल्यूएफएम या नभोवाणी केंद्रावर निवेदन केले, पुढे ते केंद्र चालवले, चित्रपटांना संगीत दिले आणि नव्वदीच्या दशकात जाहिरातपट बनवले. लुडविक मार्गुलेस या नाट्यदिग्दर्शकाकडे ते नाटकही शिकले. नभोवाणीतील त्यांचे सहकारी मार्तीन एर्नान्देस पुढे त्यांच्या चित्रपटांचे ध्वनिसंयोजक झाले. ‘बर्डमॅन’मधला सतत वाजणारा ड्रम ऐकताना हा माणूस आधी ध्वनीच्या धंद्यात होता हे आठवते.

मेक्सिकोत काम सुरू असताना त्यांना बाहेर का जावे लागले?

नव्वदीच्या दशकात मेक्सिकोचा चित्रपटउद्योग जवळजवळ बसला होता. चाळीस-पन्नासच्या दशकांत मेक्सिकन चित्रपट संपूर्ण स्पॅनिशभाषक जगात जात असे. १९४५ मध्ये उभा राहिलेला चुरुबुस्को स्टुडिओ हे त्या वैभवाचे ठिकाण होते. मात्र १९९२ च्या चित्रपट कायद्याने सिनेमागृहांत देशी चित्रपटांसाठी असलेला ५० टक्के राखीव वाटा टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणला, सरकारी मालकीची सिनेमागृहांची साखळी विकली गेली, १९९४ मध्ये अमेरिका व कॅनडा यांच्याशी मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पेसो कोसळला. वर्षाला तयार होणाऱ्या चित्रपटांची संख्या दशकाच्या उत्तरार्धात अगदी तळाला गेली.

कुआरोन यांचा पहिला चित्रपट ‘सोलो कोन तू पारेहा’ (१९९१) आणि देल तोरो यांचा ‘क्रोनोस’ (१९९३) हे दोन्ही सरकारी चित्रपटसंस्थेच्या अर्थसाहाय्याने बनले होते. ‘क्रोनोस’ने कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात पारितोषिक मिळवले. पण त्या यशावर दुसरा चित्रपट उभा राहील अशी यंत्रणा घरी उरलेलीच नव्हती.

देल तोरो यांच्या बाबतीत एक भीषण खासगी कारणही होते आणि त्याविषयी त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. नव्वदीच्या उत्तरार्धात त्यांच्या वडिलांचे ग्वादालाहारात अपहरण झाले. वाटाघाटी करणाऱ्या तज्ज्ञाचा खर्च उचलण्यासाठी त्यांचे मित्र जेम्स कॅमेरून यांनी मदत केली. ७२ दिवसांनी, खंडणी दिल्यावर, वडील सुटले. त्यानंतर देल तोरो कुटुंबासह देशाबाहेर स्थायिक झाले.

हॉलीवूडमधले पहिले दिवस यशाचे होते का?

संमिश्र होते. कुआरोन यांना पहिले अमेरिकन काम दूरचित्रवाणीवर मिळाले. दिग्दर्शक-निर्माते सिडनी पोलॅक यांनी ‘फॉलन एंजल्स’ या मालिकेचा एक भाग १९९३ मध्ये त्यांच्याकडे सोपवला. त्यानंतर आलेला ‘अ लिटल प्रिन्सेस’ (१९९५) हा बालचित्रपट फार चालला नाही, पण छायालेखन आणि कलादिग्दर्शन यांसाठी त्याला ऑस्कर नामांकने मिळाली. १९९८ चा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ मात्र देखणा असूनही पोकळ आहे, आणि या चित्रपटाबद्दल समाधान नसल्याचे कुआरोन यांनी स्वतःच सांगितले आहे.

देल तोरो यांचा ‘मिमिक’ (१९९७) हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू व्यावसायिक अनुभव ठरला. मिरामॅक्स या निर्मितीसंस्थेच्या वाइनस्टीन बंधूंशी त्यांचे चित्रीकरणाच्या काळातच खटके उडाले आणि अंतिम संकलनावरचा हक्क त्यांच्या हाती राहिला नाही. पुढे २०११ मध्ये त्यांनी या चित्रपटाची स्वतःला मान्य असलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. स्टुडिओबरोबर काम करताना अंतिम संकलनाचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न दिग्दर्शकांच्या करारात इतका मोलाचा का असतो, हे समजून घेण्यासाठी या चित्रपटाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

मग कलाटणी कोणत्या चित्रपटांमुळे मिळाली?

दोन चित्रपटांमुळे, आणि दोन्ही स्पॅनिशमध्ये. २००० मध्ये इन्यारितू यांचा पहिलाच चित्रपट ‘अमोरेस पेरोस’ कानच्या समीक्षक सप्ताहात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. गिलेर्मो आर्रियागा यांची पटकथा एका मोटार अपघाताभोवती तीन वेगवेगळ्या थरांतील माणसांच्या कथा गुंफते. मेक्सिको सिटी तिच्यात पर्यटकांचे शहर म्हणून येत नाही. कुत्र्यांच्या झुंजी, उपनगरांतील कोंदट घरे आणि श्रीमंतांच्या इमारती एकाच चौकात एकमेकांवर आदळतात. या चित्रपटामागे खासगी भांडवल होते. पुढल्या वर्षीचा ‘इ तू मामा ताम्बिएन’ही एका खासगी उद्योजकाच्या पैशावर बनला. म्हणजे सरकारी आधार आटल्यावर देशातच दुसरा एक आधार तयार होत होता.

‘इ तू मामा ताम्बिएन’ ही कुआरोन यांची पहिली परत फेरी. काही वर्षे अमेरिकेत काढल्यावर त्यांनी भाऊ कार्लोस यांच्यासह ही पटकथा लिहिली. दोन किशोर आणि एक तरुण स्त्री मोटारीने समुद्राकडे निघतात, एवढेच कथानक. पण गाडीच्या खिडकीबाहेर सतत दुसरा एक देश सरकत असतो : पोलिसांच्या चौक्या, रस्त्याकडेचे अपघात, घर सोडून आलेले मजूर. कॅमेरा मधूनच मुख्य पात्रांना सोडून त्या लोकांकडे वळतो आणि तटस्थ आवाजातला निवेदक त्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि ऑस्करचे पटकथेचे नामांकनही. माझ्या मते कुआरोन यांच्या नंतरच्या सगळ्या कामाचे बीज येथे आहे. पार्श्वभूमीकडे मुख्य पात्राइतकेच लक्ष देण्याची ही सवय पुढे ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ आणि ‘रोमा’मध्ये पूर्ण वाढलेली दिसते.

असा चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाला ‘हॅरी पॉटर’ कसा मिळाला?

प्रश्न रास्त आहे, कारण ‘इ तू मामा ताम्बिएन’ मेक्सिकोत केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झाला होता. मात्र ‘हॅरी पॉटर’ची निर्माती वॉर्नर ब्रदर्स हीच कंपनी ‘अ लिटल प्रिन्सेस’चीही निर्माती होती, आणि तिसऱ्या भागातील मुले आता वयात येत होती. कुआरोन यांनी त्या वेळी ती पुस्तके वाचलेलीच नव्हती आणि प्रस्तावाकडे ते काहीशा तुच्छतेने पाहत होते. देल तोरो यांनी दूरध्वनीवर त्यांना शेलक्या शब्दांत फैलावर घेतले आणि आधी पुस्तके वाचायला लावली, हा किस्सा कुआरोन स्वतःच सांगतात.

२००४ च्या त्या भागाने आठ चित्रपटांत सर्वांत कमी कमाई केली, तरी बहुतेक समीक्षक त्यालाच मालिकेतला उत्कृष्ट भाग मानतात. कुआरोन यांच्यासाठी त्याचा खरा लाभ वेगळा होता. ब्रिटनमधील विशेष दृश्यपरिणाम करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर त्यांना प्रदीर्घ काळ काम करता आले, आणि ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ व ‘ग्रॅव्हिटी’ हे दोन्ही चित्रपट त्यांनी ब्रिटनमध्येच घडवले.

मैत्रीच्या गोष्टी प्रसिद्धीसाठी रंगवलेल्या आहेत, की प्रत्यक्ष कामात त्याचा उपयोग झाला?

प्रत्यक्ष कामात झाला. ‘अमोरेस पेरोस’चे संकलन लांबत चालले होते तेव्हा देल तोरो इन्यारितू यांच्या घरी जाऊन राहिले आणि चित्रपटाची काही मिनिटे कमी करण्याचा त्यांनी आग्रह धरला. देल तोरो यांच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) या चित्रपटाच्या निर्मात्यांत कुआरोन होते. २००७ मध्ये तिघांनी मिळून ‘चा चा चा फिल्म्स’ ही निर्मितीसंस्था काढली आणि तिच्या पहिल्याच चित्रपटाचे दिग्दर्शन कार्लोस कुआरोन यांच्याकडे दिले.

२००७ च्या ऑस्करला तर तिघांचेही चित्रपट एकाच वेळी स्पर्धेत होते : ‘बाबेल’ला सात, ‘पॅन्स लॅबिरिंथ’ला सहा आणि ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ला तीन नामांकने, म्हणजे एकूण सोळा. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद देल तोरो यांच्याकडे होते आणि त्याच वर्षी ‘रोमा’ला सुवर्ण सिंह हा तेथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या, पण चित्रपट पाहिल्यावर तो आक्षेप फार काळ टिकला नाही.

सहकार्य नेहमीच टिकते असेही नाही. इन्यारितू आणि पटकथाकार आर्रियागा यांनी ‘अमोरेस पेरोस’, ‘२१ ग्रॅम्स’ आणि ‘बाबेल’ असे तीन चित्रपट एकत्र केले. त्यानंतर श्रेय नेमके कोणाचे या वादावरून त्यांचे जाहीरपणे फाटले. चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक की लेखक, हा त्या भांडणाचा गाभा होता आणि आर्रियागा यांची बाजू मला अगदीच निराधार वाटत नाही. त्या तीनही चित्रपटांचा सांगाडा लेखकाचा आहे हे उघड दिसते.

यांच्या कारकिर्दीत अपयश आले का?

भरपूर. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ला आज मोठा मान आहे, परंतु २००६ मध्ये तिकीटबारीवर त्याचा निर्मितीखर्चही भरून निघाला नाही, आणि ‘ग्रॅव्हिटी’ येईपर्यंत पुढे सात वर्षे कुआरोन यांचा एकही चित्रपट आला नाही. त्यातला मोठा काळ गुरुत्वाकर्षण नसल्याचा भास निर्माण करण्याचे तंत्र शोधण्यात गेला. देल तोरो यांनी ‘द हॉबिट’च्या तयारीसाठी न्यूझीलंडमध्ये सुमारे दोन वर्षे काढली आणि निर्मितीसंस्थेच्या आर्थिक अडचणींमुळे चित्रीकरण सुरूच होईना, म्हणून २०१० मध्ये ते बाहेर पडले. लगेच पुढल्या वर्षी त्यांचा अंटार्क्टिकावरचा भव्य भयपट युनिव्हर्सलने नाकारला. त्यांनी लिहिलेल्या पण कधीच न बनलेल्या पटकथांची संख्या बनलेल्या चित्रपटांहून अधिक आहे, असे ते वारंवार सांगतात.

पडद्यामागील मेक्सिकन तंत्रज्ञांची दखल कितपत घेतली गेली?

दिग्दर्शकांइतकीच, आणि काही बाबतींत अधिक. एमानुएल लुबेझ्की यांनी ‘ग्रॅव्हिटी’, ‘बर्डमॅन’ आणि ‘द रेव्हेनंट’ यांसाठी छायालेखनाचे ऑस्कर लागोपाठ तीन वर्षे मिळवले. तसे त्यांच्याआधी कोणालाही जमले नव्हते. ‘रोमा’ही तेच चित्रित करणार होते, परंतु तारखा जुळल्या नाहीत. अखेर कुआरोन यांनीच कॅमेरा हाती घेतला आणि छायालेखनाचाही ऑस्कर मिळवला. रोद्रिगो प्रिएतो यांनी ‘अमोरेस पेरोस’चे छायालेखन केले आणि पुढे मार्टिन स्कोर्सेसी यांच्याबरोबर अनेक चित्रपट केले. छायालेखक गिलेर्मो नावारो आणि कलादिग्दर्शक एउहेनियो काबायेरो या दोघांनाही ‘पॅन्स लॅबिरिंथ’साठी ऑस्कर मिळाला आहे.

अशी माणसे आकाशातून पडत नाहीत. मेक्सिकोत छायालेखनाची परंपरा गाब्रिएल फिगेरोआ यांच्यापासून चालत आलेली आहे. ढगांनी भरलेले आकाश आणि त्याखाली काळ्या शालीतील माणसे ही त्यांची चौकट चाळीसच्या दशकातच जगभर ओळखली गेली होती.

नटांना दिग्दर्शकांइतके सहज बाहेर काम मिळाले का?

नाही, आणि त्याचे कारण उच्चार. कॅमेऱ्यामागच्या माणसाचे इंग्रजी कसे आहे याने प्रेक्षकाला काही फरक पडत नाही, नटाचे मात्र पहिल्या वाक्यापासून मोजले जाते.

ही अडचण जुनी आहे. दोलोरेस देल रिओ १९२५ मध्ये हॉलीवूडला गेल्या आणि मूकपटांच्या काळात तारका झाल्या. बोलपट आल्यावर त्यांच्या वाट्याला ‘परदेशी सुंदरी’च्याच भूमिका उरल्या. चाळीसच्या दशकाच्या आरंभी त्या मेक्सिकोला परतल्या आणि एमिलियो फर्नान्देस दिग्दर्शित ‘मारिया कान्देलारिया’ची नायिका झाल्या, हा चित्रपट १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटांपैकी एक होता. काती हुरादो यांनी ‘हाय नून’ (१९५२) साठी गोल्डन ग्लोब जिंकला आणि पुढे ऑस्कर नामांकनही मिळवले. सुरुवातीच्या काळात त्या इंग्रजी संवाद अर्थ न कळता केवळ ध्वनी पाठ करून म्हणत असत. चिवावा येथे जन्मलेले अँथनी क्विन यांनी दोन ऑस्कर मिळवले, पण ते लहानपणीच अमेरिकेत आले होते आणि पडद्यावर ग्रीक, अरब, इटालियन असे सारे काही झाले.

सल्मा हायेक यांचे उदाहरण आधुनिक काळातले आहे. ‘तेरेसा’ (१९८९) या दूरचित्रवाणी मालिकेने त्या मेक्सिकोत घराघरांत पोहोचल्या होत्या. ती लोकप्रियता मागे ठेवून त्या १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला गेल्या आणि तेथे त्यांना अगदी तळापासून सुरुवात करावी लागली. ‘डेस्पराडो’ (१९९५) नंतर भूमिका मिळू लागल्या, पण ठरावीक साच्याच्या. चित्रकार फ्रिडा काहलो यांच्यावरचा चित्रपट त्यांनी निर्माती म्हणून स्वतः उभा केला, तेव्हा कुठे २००३ मध्ये त्यांना मुख्य अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. त्या निर्मितीच्या काळात हार्वी वाइनस्टीन यांनी दिलेल्या त्रासाविषयी त्यांनी २०१७ मध्ये सविस्तर लिहिले आहे. ‘अग्ली बेट्टी’ (२००६) या मालिकेच्याही त्या एक निर्मात्या होत्या. ज्या कोलंबियन मालिकेवर ती बेतली होती, त्याच मालिकेवरून आपल्याकडे ‘जस्सी जैसी कोई नहीं’ आली होती, हे अनेकांना आठवेल.

गाएल गार्सिया बर्नाल आणि दिएगो लुना यांनी हा अडसर कसा ओलांडला?

त्यांनी उच्चार बदलण्याचा फारसा प्रयत्नच केला नाही. दोघेही नाट्यव्यवसायातील कुटुंबांत जन्मलेले आणि बालपणापासूनचे मित्र; १९९२ च्या एका टेलेनोव्हेलामध्ये, म्हणजे ठरावीक भागांत संपणाऱ्या दैनंदिन मालिकेत, दोघांनी बालकलाकार म्हणून एकत्र काम केले होते. बर्नाल पुढे लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये अभिनय शिकायला गेले. शिकत असताना बाहेर काम करण्याची परवानगी नव्हती, म्हणून ‘अमोरेस पेरोस’च्या चित्रीकरणासाठी, मेक्सिकोत उष्ण कटिबंधातील आजार झाला, अशी सबब सांगितली गेली, आणि चित्रपटासाठी कापलेल्या केसांचाही खुलासा त्यातच झाला, असे ते सांगतात. ‘इ तू मामा ताम्बिएन’साठी व्हेनिसमध्ये नवोदित नटाचा पुरस्कार दोघांना मिळून देण्यात आला.

त्यानंतर बर्नाल यांनी स्पॅनिश भाषेतच मोठा पल्ला गाठला. अर्जेंटिनाच्या चे गेव्हारांची भूमिका, स्पेनच्या आल्मोदोवार यांचा चित्रपट, चिलीच्या पाब्लो लार्राईन यांच्याबरोबरची कामे. स्पॅनिश ही वीसहून अधिक देशांची भाषा असल्यामुळे मेक्सिकन नटाला इंग्रजीवाचूनही आंतरराष्ट्रीय होता येते. ही सोय मराठी किंवा कोरियन नटाला नाही, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे. इंग्रजीत त्यांना मोठे यश मिळाले ते ‘मोझार्ट इन द जंगल’ या मालिकेत, जिच्यासाठी त्यांनी २०१६ मध्ये गोल्डन ग्लोब जिंकला.

लुना ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘रोग वन’ (२०१६) मध्ये आणि पुढे ‘अँडोर’ (२०२२ व २०२५) या मालिकेत नायक झाले. आकाशगंगेतला बंडखोर मेक्सिकन ढंगाचे इंग्रजी बोलतो आणि त्याबद्दल कथेत कोणीही स्पष्टीकरण देत नाही, ही गोष्ट देल रिओ यांच्या काळात अशक्य होती. दरम्यान दोघांनी निर्मितीसंस्था काढल्या आणि २००५ मध्ये ‘आम्बुलान्ते’ हा गावोगावी फिरणारा माहितीपट महोत्सव सुरू केला. व्यक्तिशः मला त्यांचे हे काम कोणत्याही भूमिकेपेक्षा मोठे वाटते.

‘रोमा’तील यालित्सा अपारिसिओ यांच्यासारखी कारकीर्द आणखी कोणाची होऊ शकते का?

त्यावर कोणी भिस्त ठेवू नये. ओआहाका राज्यातील त्लाशिआको येथील अपारिसिओ शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेऊन नुकत्याच बाहेर पडल्या होत्या आणि त्यांनी पूर्वी कधीही अभिनय केला नव्हता. आदिवासी कुटुंबातल्या असूनही त्यांना मिश्तेक भाषा सफाईने येत नव्हती. ती त्या चित्रपटासाठी शिकल्या. कुआरोन यांनी कलाकारांच्या हाती संपूर्ण पटकथा दिली नाही आणि प्रसंग कथेच्या क्रमानेच चित्रित केले, त्यामुळे पुढे काय घडणार हे पात्रांप्रमाणेच कलाकारांनाही ठाऊक नसे. मुख्य अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणाऱ्या त्या हायेक यांच्यानंतरच्या दुसऱ्याच मेक्सिकन.

या यशाबरोबर मेक्सिकोतूनच त्यांच्या वर्णावरून आणि वंशावरून हिणकस शेरेबाजीही झाली. मेक्सिकन मालिकांच्या पडद्यावर गोरे चेहरे किती आणि आदिवासी चेहरे किती, व ते कोणत्या भूमिकांत, हा प्रश्न त्यानिमित्ताने उघडपणे विचारला गेला.

नेटफ्लिक्ससारख्या माध्यमांनी या दिग्दर्शकांसाठी काय बदलले?

कृष्णधवल, स्पॅनिश आणि मिश्तेक भाषांतील, कोणीही तारा नसलेला ‘रोमा’ जुन्या वितरणव्यवस्थेत एवढ्या देशांत एकाच वेळी पोहोचला नसता. परदेशी भाषेतील उत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्करही मेक्सिकोला प्रथमच त्याच्यामुळे मिळाला. किंमतही होती : सिनेमागृहांतील प्रदर्शनाच्या वादामुळे नेटफ्लिक्सचे चित्रपट कानच्या स्पर्धेबाहेर राहिले आणि ‘रोमा’ व्हेनिसला गेला. ज्या चित्रपटाचा ध्वनी एवढ्या बारकाईने रचला आहे तो बहुसंख्यांनी घरच्या संचावर किंवा मोबाइलवर पाहिला, हा विरोधाभास आहेच.

देल तोरो यांचे स्टॉप-मोशन तंत्राने, म्हणजे बाहुल्या एकेका चौकटीसाठी हलवून, केलेले ‘पिनोकिओ’ (२०२२) आणि अनेक वर्षे मनात बाळगलेले ‘फ्रँकेन्स्टाइन’ (२०२५) हे दोन्ही नेटफ्लिक्सकडून आले. ‘पिनोकिओ’चा काही भाग ग्वादालाहारातील कार्यशाळेत चित्रित झाला. कुआरोन यांनी २०२४ मध्ये ‘डिस्क्लेमर’ ही सात भागांची मालिका ॲपलसाठी केली. दूरचित्रवाणीवर सुरुवात करणारा दिग्दर्शक चाळीशी-पन्नाशी चित्रपटांत घालवून पुन्हा मालिकेकडे वळला, याचे आज कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

मराठी चित्रपटाशी या मंडळींचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो केवळ सदिच्छेचा नाही. ‘कोर्ट’चे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांची रोलेक्सच्या गुरू-शिष्य उपक्रमात कुआरोन यांच्याबरोबर काम करण्यासाठी निवड झाली आणि ‘रोमा’च्या चित्रीकरणाच्या वेळी ते मेक्सिकोत उपस्थित राहिले. ‘कोर्ट’ने २०१४ मध्येच व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागात सर्वोच्च पारितोषिक आणि पदार्पणाचा पुरस्कार असे दोन्ही मिळवले होते, त्यामुळे कुआरोन यांनी कोणाला घडवले असे म्हणणे चुकीचे ठरेल.

ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मुंबईतील हिंदुस्थानी शास्त्रीय गायकावरच्या मराठी चित्रपटाचे कुआरोन कार्यकारी निर्माते झाले. २०२० मध्ये तो व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, जेथे २००१ नंतर एकही भारतीय चित्रपट पोहोचला नव्हता. त्याला उत्कृष्ट पटकथेचा आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. दूर उभा राहून थांबणारा, पात्राला चौकटीत मोकळे सोडणारा कॅमेरा ‘कोर्ट’मध्ये आधीच होता, ‘रोमा’तही तो आहे. दोघांची गाठ पडण्याआधीच त्यांची नजर जुळलेली होती, असे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर वाटते.

मेक्सिकोत त्यांच्याविषयी तक्रारी आहेत का?

आहेत. अमेरिकी पैशाने अमेरिकी कथा सांगणाऱ्यांच्या पुरस्कारांवर देशाने का नाचावे, असे विचारणारे समीक्षक तेथेही आहेत, आणि तिघांच्या तेजात देशात राहून काम करणाऱ्या दिग्दर्शकांकडे दुर्लक्ष होते ही त्यांची दुसरी तक्रार अधिक वजनदार आहे. इन्यारितू यांनी २०२२ च्या ‘बार्दो’मध्ये हाच आरोप स्वतःवर ओढवून घेतला : परदेशात नाव कमावलेला एक मेक्सिकन माहितीपटकार मायदेशी येतो आणि त्याला ना इथले ना तिथले आपले मानतात. चित्रपट लांबलेला आणि आत्ममग्न आहे, पण त्यातली अस्वस्थता खरी आहे.

हे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

मोठ्या पुरस्कारांपासून सुरुवात करू नये. आधी ‘क्रोनोस’ पाहावा, मग ‘अमोरेस पेरोस’ आणि ‘इ तू मामा ताम्बिएन’ लागोपाठ. त्यातला शेवटचा घरातील वडीलधाऱ्यांसमवेत न पाहिलेलाच बरा. त्यानंतर ‘पॅन्स लॅबिरिंथ’ आणि ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ एकाच आठवड्यात घ्यावेत, कारण दोन्ही एकाच वर्षी बनले आणि दोन्हींत हिंसक राजवटीच्या छायेत एका मुलाला वाचवण्याची धडपड आहे. ‘ग्रॅव्हिटी’ शक्य असेल तर मोठ्या पडद्यावरच पाहावा. छोट्या पडद्यावर त्याचा जीव निघून जातो. ‘रोमा’ रात्री, दिवे मालवून, कानांवर चांगले हेडफोन लावून आणि मराठी-हिंदी डबिंगच्या शोधात न पडता उपशीर्षकांसह पाहावा. ‘द रेव्हेनंट’ अगदी शेवटी ठेवला किंवा राहून गेला तरी चालेल.